क्लोरीनचे समीकरण आणि वसतिगृहाची टाकी

या स्मरणिकेसाठी विज्ञान विभागाने काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा कोणता विषय घ्यावा यावर आमच्यात बराच विचारविनिमय झाला. अखेर दहावीच्या प्रत्येक तुकडीला अवघड वाटणारा विषय आम्ही निवडला : रासायनिक समीकरण संतुलित करणे. अनेक माजी विद्यार्थ्यांना हे शब्द वाचूनच ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हे प्रकरण आणि उत्तरपत्रिकेवरील लाल फुल्या आठवतील. तरीही हा विषय निवडण्यास कारण आहे. एका पावसाळ्यात या विषयाने विद्यार्थ्यांची नव्हे, तर आम्हां शिक्षकांचीच परीक्षा घेतली.

पुराचे दिवस

कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी येथे एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने यांत अस्पृश्यता पाळू नये असे आदेश काढले. वसतिगृह म्हटले की मुले आली, मुले आली की पाणी आले. पाणी सर्वांसाठी खुले असले पाहिजे, हा त्या आदेशांचा आशय. ते निर्धोकही असले पाहिजे, ही वसतिगृह चालविणाऱ्यांची रोजची जबाबदारी.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. त्या वर्षी नदी या दोन्ही खुणा ओलांडून कितीतरी वर गेली. शहराला पाणी पुरविणारी उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. चहूकडे पाणी आणि प्यायला पाणी नाही, अशी अवस्था २०२१ च्या पुरात पुन्हा एकदा कोल्हापूरकरांच्या वाट्याला आली. शिवाजी पेठेतील आपल्या इमारतीला पुराचा स्पर्श झाला नाही. परंतु रस्ते बंद असल्याने मुलांना घरी पाठविणे शक्य नव्हते. एरवी केवळ धुण्याभांड्यांसाठी वापरले जाणारे बोअरचे पाणी त्या दिवसांत पिण्यासाठी घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

पाणी निर्जंतुक करण्याची रीत खेड्यापाड्यांतील जलसुरक्षकांनाही ठाऊक असते. हजार लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम टीसीएल पावडर. आमची टाकी दहा हजार लिटरची. म्हणून पंचवीस ग्रॅम पावडर बादलीभर पाण्यात कालवली, चुना तळाशी बसू दिला, वरचे निवळ पाणी टाकीत ओतले आणि अर्धा तास थांबलो. त्यानंतर ओटी टेस्ट घेतली. नळीतील पाण्यात औषधाचे थेंब टाकले की शिल्लक क्लोरीनमुळे पिवळा रंग यावयास हवा. तो आला, पण इतका फिका की आहे की नाही याविषयी आमच्यात मतभेद व्हावा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून निरोप आला : टाकीचे पाणी तांबूस दिसते आहे.

पाणी काढताना स्वच्छ होते. टीसीएल घातल्यावर तांबूस झाले. स्वयंपाकघरातील मावशींचे म्हणणे असे की पावडरच खराब आहे, पाणी ओतून द्यावे. आमच्यातील काहींचे मत असे की पावडर कमी पडली, तेव्हा आणखी तेवढीच घालावी. दोन्ही मतांत थोडे तथ्य होते आणि दोन्ही चुकीची होती. उलगडा समीकरणात होता.

तांबूस रंगाचे कारण

काही बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेले असते. जमिनीखाली, जेथे हवा पोहोचत नाही तेथे, ते फेरस आयनाच्या रूपात राहते. म्हणजे लोहाच्या अणूने आपले दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि त्याच्यावर दोन धन प्रभार असतात. या रूपातील लोह पाण्यात दिसत नाही. क्लोरीन त्याच्याकडून आणखी एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. तीन धन प्रभारांचे हे फेरिक लोह साध्या पाण्यात विरघळून राहू शकत नाही. त्याचा गंजासारखा तांबूस गाळ होतो. टीसीएलने पाणी बिघडविले नव्हते. पाण्यात आधीच असलेले लोह त्याने डोळ्यांना दिसेल असे केले होते. पण हे काम करताना क्लोरीन खर्ची पडला आणि जंतूंसाठी फारच थोडा उरला.

इलेक्ट्रॉन देण्याला ऑक्सिडीकरण म्हणतात आणि घेण्याला क्षपण. या दोन क्रिया नेहमी जोडीने घडतात, म्हणून अशा अभिक्रियेला रेडॉक्स अभिक्रिया असे नाव आहे. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, आणि दिलेला इलेक्ट्रॉन वाटेत कोठे हरवत नाही. खानावळीच्या वहीत जमा आणि खर्च यांचा मेळ बसला नाही, तर कोठेतरी नोंद चुकली आहे असे आपण समजतो. रसायनाच्या वहीलाही तोच नियम लागू आहे.

फळ्यावरची चूक

पाण्यातील लोहाचे प्रमाण पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातून कळले. ते लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम होते. त्या आधारे किती क्लोरीन खर्ची पडला हे काढावे म्हणून आम्ही दहावीच्या वर्गात फळ्यावर समीकरण मांडले. येथे चिन्हांऐवजी नावेच लिहीत आहोत, म्हणजे शाळा सोडून बरीच वर्षे झालेल्यांनाही हिशेब ताडून पाहता येईल.

फेरस आयन + क्लोरीन → फेरिक आयन + क्लोराइड आयन

क्लोरीनच्या एका रेणूत दोन अणू असतात. तेव्हा उजवीकडे दोन क्लोराइड हवेत. आमच्यापैकी एकाने तसे लिहिले :

१ फेरस + १ क्लोरीन → १ फेरिक + २ क्लोराइड

डावीकडे लोहाचा एक अणू, उजवीकडे एक. डावीकडे क्लोरीनचे दोन अणू, उजवीकडे दोन. अणूंची मोजदाद जुळली आणि समीकरण संतुलित झाले असे सांगून आम्ही पुढे निघालो. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, प्रभार मोजायचे नाहीत का?”

आम्ही मोजले. डावीकडे फेरसचे दोन धन प्रभार. क्लोरीनच्या रेणूवर प्रभार नाही. बेरीज धन दोन. उजवीकडे फेरिकचे तीन धन प्रभार आणि दोन क्लोराइडचे दोन ऋण प्रभार. बेरीज धन एक. डावीकडे दोन, उजवीकडे एक. अणू जुळले, तरी प्रभार जुळले नाहीत. याचा अर्थ असा की क्लोरीनने दोन इलेक्ट्रॉन घेतल्याचे आम्ही लिहिले होते, परंतु लोहाने एकच दिला होता. दुसरा इलेक्ट्रॉन कोठून आला, याचा आमच्या समीकरणात पत्ता नव्हता.

ही चूक नेहमीची आहे. आपण मुलांना प्रारंभी जी समीकरणे शिकवितो, त्यांत अणूंची संख्या जुळविली की काम भागते. त्यामुळे संतुलन म्हणजे अणूंची मोजणी, अशी समजूत रूढ होते. आयनांचे समीकरण आले की ती अपुरी ठरते. तेथे दोन मेळ बसावे लागतात : अणूंचा आणि प्रभारांचा. प्रभारांचा मेळ हा वस्तुतः इलेक्ट्रॉनांच्या देण्या-घेण्याचा मेळ असतो.

दोन अर्धी समीकरणे

बिनचूक रीत अशी की देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हिशेब आधी निरनिराळा मांडावा.

देणारा : फेरस → फेरिक + १ इलेक्ट्रॉन

घेणारा : क्लोरीन + २ इलेक्ट्रॉन → २ क्लोराइड

यांना अर्ध-अभिक्रिया म्हणतात. देणारा एक देतो, घेणारा दोन मागतो. मग एका घेणाऱ्यासाठी दोन देणारे हवेत. पहिले अर्ध-समीकरण दोनाने गुणून दोन्हींची बेरीज केली की दोन्ही बाजूंचे दोन-दोन इलेक्ट्रॉन कटतात आणि उरते :

२ फेरस + १ क्लोरीन → २ फेरिक + २ क्लोराइड

आता पडताळा पाहू. लोहाचे अणू दोन आणि दोन. क्लोरीनचे अणू दोन आणि दोन. प्रभार डावीकडे धन चार. उजवीकडे धन सहा आणि ऋण दोन, म्हणजे धन चार. दोन्ही मेळ बसले.

टीसीएल पाण्यात घातल्यावर प्रत्यक्षात हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतूंवर तेच काम करते, हे जाणकार वाचकांच्या लक्षात आले असेल. त्यामुळे आपला हिशेब बदलत नाही. हायपोक्लोरस आम्लात क्लोरीनचा एकच अणू असतो, पण त्याचा ऑक्सिडीकरण अंक धन एक असतो आणि क्लोराइड होताना तो ऋण एक होतो. म्हणजे तोही दोनच इलेक्ट्रॉन घेतो. पावडरच्या पिशवीवर ‘उपलब्ध क्लोरीन’ म्हणून जी टक्केवारी छापलेली असते, ती याच इलेक्ट्रॉन घेण्याच्या शक्तीचे माप आहे. ताज्या, चांगल्या पावडरमध्ये ती सुमारे ३३ टक्के असते.

समीकरणापासून टाकीपर्यंत

समीकरण संतुलित झाल्यावर तराजू हाती घेता येतो. लोहाचा अणुभार ५६ आणि क्लोरीनच्या रेणूचा भार ७१ धरू. दोन लोह म्हणजे ११२ भाग. त्यांना ७१ भाग क्लोरीन लागतो. म्हणून एक ग्रॅम लोहामागे सुमारे ०.६४ ग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो.

आमच्या टाकीत दहा हजार लिटर पाणी होते. लिटरला एक मिलिग्रॅम याप्रमाणे लोह झाले १० ग्रॅम. त्याने घेतलेला क्लोरीन ६.४ ग्रॅम. आम्ही घातलेल्या २५ ग्रॅम पावडरमध्ये ३३ टक्क्यांनी उपलब्ध क्लोरीन होता सुमारे ८.२५ ग्रॅम. वजाबाकी केली की उरतात अवघे १.८५ ग्रॅम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅमलाही किंचित कमी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार शिल्लक मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ०.५ मिलिग्रॅम. नळीतला रंग फिका का होता, याचे उत्तर या वजाबाकीत मिळाले.

आता फळ्यावरचे चुकीचे समीकरण खरे मानले असते तर काय झाले असते ते पाहू. त्यात एका लोहाला एक क्लोरीन. म्हणजे ५६ भागांना ७१ भाग. दहा ग्रॅम लोहासाठी १२.७ ग्रॅम क्लोरीन. त्यावर लिटरला अर्धा मिलिग्रॅम शिल्लक राहावा म्हणून आणखी ५ ग्रॅम. एकूण १७.७ ग्रॅम क्लोरीनसाठी सुमारे ५४ ग्रॅम पावडर घालावी लागली असती. योग्य समीकरणाप्रमाणे ६.४ आणि ५ मिळून ११.४ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम पावडर पुरते. चुकीच्या हिशेबाने शिल्लक क्लोरीन आवश्यकतेच्या दुपटीहून अधिक झाला असता. त्या पाण्याला असा उग्र वास आला असता की मुलांनी टाकीकडे पाठ फिरविली असती आणि पागोळीचे किंवा जेथून मिळेल तेथले पाणी पिण्याचा मोह त्यांना झाला असता. पुराच्या दिवसांत कावीळ आणि गॅस्ट्रो नेमके अशाच पाण्यातून येतात. समीकरणातील एका आकड्याची चूक उत्तरपत्रिकेत अर्ध्या गुणाची असते. टाकीत ती ऐंशी मुलांच्या पोटापर्यंत जाते.

अर्थात हा हिशेब लोहापुरताच आहे. पाण्यातील गढूळपणा, कुजके पदार्थ आणि अमोनिया हेदेखील क्लोरीन खातात आणि त्यांचे प्रमाण आधी सांगता येत नाही. म्हणून गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळून घ्यावे, हिशेबाने पावडर घालावी, अर्धा तास थांबावे आणि अखेरचा निवाडा चाचणीवर सोपवावा. चाचणीसाठी तांबूस गाळ खाली बसू देऊन वरचे नितळ पाणी घ्यावे. कारण फेरिक लोहही ओटी टेस्टच्या नळीत पिवळेपणा आणते आणि नसलेला क्लोरीन असल्याचा भास होतो.

देणारा आणि घेणारा एकच असेल तर

अकरावी-बारावीला शास्त्र घेतलेल्यांना क्लोरीनचे आणखी एक समीकरण छळते. गरम आणि तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून क्लोरीन वायू सोडला की सोडियम क्लोराइड, सोडियम क्लोरेट आणि पाणी तयार होते. येथे लोहासारखा दुसरा कोणी देणारा नाही. क्लोरीनचेच काही अणू इलेक्ट्रॉन देतात आणि काही घेतात.

क्लोरेटमध्ये क्लोरीनचा ऑक्सिडीकरण अंक धन पाच असतो. शून्यावरून धन पाचवर जाणारा अणू पाच इलेक्ट्रॉन देतो. क्लोराइड होणारा अणू एकच घेतो. मग एका देणाऱ्याचे पाच इलेक्ट्रॉन घेण्यास पाच अणू हवेत. एकूण सहा अणू, म्हणजे क्लोरीनचे तीन रेणू. पाच क्लोराइड आणि एक क्लोरेट यांना मिळून सहा सोडियम लागतात. म्हणून सहा सोडियम हायड्रॉक्साइड. त्यांतील सहा हायड्रोजनपासून पाण्याचे तीन रेणू होतात.

३ क्लोरीन + ६ सोडियम हायड्रॉक्साइड → ५ सोडियम क्लोराइड + १ सोडियम क्लोरेट + ३ पाणी

ऑक्सिजनची मोजणी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. डावीकडे सहा, उजवीकडे क्लोरेटमधील तीन आणि पाण्यातील तीन, म्हणजे सहा. आपण ऑक्सिजनकडे पाहिलेही नव्हते, तरी तो जुळला. इलेक्ट्रॉनांचा हिशेब आधी लावला की बाकीचे आकडे आपोआप जागेवर बसतात. अंदाजाने आकडे बदलत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगतो की आधी कोण किती देतो आणि कोण किती घेतो ते लिहा.

हेच द्रावण थंड आणि सौम्य असेल तर क्लोरेटऐवजी हायपोक्लोराइट तयार होते. पुराच्या काळात घरोघरी वाटल्या जाणाऱ्या मेडिक्लोरसारख्या बाटल्यांतील औषध या वर्गातले. उष्णतेने हायपोक्लोराइटची शक्ती हळूहळू कमी होते. म्हणून अशा बाटल्या आणि टीसीएलची पिशवी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. तोंड घट्ट बांधून थंड, कोरड्या, काळोख्या जागी ठेवावी. गेल्या वर्षीची उघडी पिशवी ३३ टक्क्यांच्या भरवशावर वापरली, तर समीकरण बरोबर असूनही हिशेब चुकतो.

एक सावधगिरी

पालकांनी आणि वसतिगृहाच्या सेवकवर्गाने एक समीकरण मात्र पाठच करावे अशी आमची विनंती आहे. स्नानगृह स्वच्छ करताना अनेक जण टीसीएल टाकतात आणि डाग निघाले नाहीत की त्यावरच फरशी धुण्याचे ॲसिड ओततात. हे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. तेथे असे घडते :

१ विरंजक चूर्ण + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → १ कॅल्शियम क्लोराइड + १ पाणी + १ क्लोरीन

विरंजक चूर्ण हे टीसीएलचेच पाठ्यपुस्तकातील नाव. समीकरणातील शेवटचा शब्द पाहावा. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडलेला वायू तो हाच. बंद स्नानगृहात मूठभर पावडर आणि वाटीभर ॲसिडही श्वास कोंडण्यास पुरेसे ठरते. ही दोन्ही कधीही एकत्र करू नयेत. एक वापरल्यावर भरपूर पाण्याने धुतल्याखेरीज दुसरे वापरू नये. चुकून वास आलाच तर काही आवरत न बसता ताबडतोब मोकळ्या हवेत यावे.

आता काळम्मावाडीहून थेट जलवाहिनी शहरापर्यंत आली आहे. तरीही बोअर आणि टाकी आहेतच आणि पंचगंगाही आहे. २०१९ नंतर आम्ही टाकीजवळ एक वही बांधून ठेवली आहे. तारीख, पाण्याचा उगम, पावडरचे वजन, पिशवी उघडल्याचा दिवस आणि अर्ध्या तासानंतरच्या चाचणीचा रंग एवढे रकाने तीत आहेत. दहावीचे विद्यार्थी पाळीपाळीने ती भरतात आणि आम्ही सही करतो. वहीच्या पहिल्या पानावर ‘२ फेरस + १ क्लोरीन’ हे समीकरण लिहिलेले आहे. ते त्या वेळी प्रभारांविषयी विचारणाऱ्या विद्यार्थिनीच्या हस्ताक्षरात आहे. माजी विद्यार्थी भेटीस येतील तेव्हा त्यांनी ती वही अवश्य चाळावी, आणि एखादा हिशेब चुकलेला आढळला तर संकोच न करता आमच्या निदर्शनास आणावा.